वायपरला अर्थ नव्हता

गल्लीत त्यांना सगळे भाऊजी म्हणतात. खरं तर ते एकाच व्यक्तीचे भाऊजी आहेत, त्यांच्या वहिनींचे. पण या वहिनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयात पहिल्या मजल्यावर काम करतात आणि गेली बावीस वर्षं तिथल्या खिडकीतून दिवसातून दोनदा तरी खाली हाक मारतात. "भाऊजी, पंखा परत बंद पडला!" "भाऊजी, तुमचा डबा माझ्याकडे आलाय, माझा तुम्ही खाल्लात की काय?" गल्लीनं ते नाव उचललं. पंच्याऐंशी वर्षांचे चष्मेवाले आजोबाही "काय भाऊजी" म्हणूनच चौकशी करतात. भाऊजींची स्वतःची बायको वैतागली की "अहो भाऊजी" म्हणते. तेव्हा मात्र ते हातातला पेपर ठेवून निमूट उठतात.

काम मोटारींच्या वायरिंगचं. वय बावन्न. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि छताला टांगलेली वायरची भेंडोळी. डाव्या भिंतीवर खडूनं लिहिलेली एक यादी आहे. तीस वर्षांत सापडलेल्या बिघाडांपैकी भाऊजींच्या आवडीचे बिघाड तिथं मांडलेले आहेत. "हॉर्न वाजत नाही. कारण: बायकोनं वायर काढली." "दार उघडत नाही. कारण: गाडी दुसऱ्याची." "वायपर चालत नाहीत. कारण: वायपर नाहीत." या शेवटच्या नोंदीमागची हकीकत भाऊजी न लाजता सांगतात. त्या गाडीचे वायपर कुणीतरी काढून नेले होते, मालकानं फोनवर नुसतं "चालत नाहीत" म्हणून सांगितलं, आणि भाऊजींनी फोनवरच अर्धा तास फ्यूज कसा तपासायचा ते समजावलं.

त्यांची पद्धत तीन शब्दांत मावते. फ्यूज, कान, दिवा. आधी फ्यूज बघायचा, कारण ते फुकटात होतं. मग बटण चालू करून कान लावायचा. यासाठी भाऊजी उजवा हात वर करतात आणि त्या हाताला गल्लीत मान आहे. शेजारचा पेंटर पत्रा ठोकायचा थांबतो, पलीकडचा सायकलवाला पंप सोडून उभा राहतो, एकदा तर रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी बाईंनी कडेवरच्या रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला होता. मोटर घुमतेय आणि वायपर हलत नाही, म्हणजे खालच्या दांड्या निखळल्या. नुसतंच "टिक" झालं, म्हणजे हुकूम पोचतोय पण काम होत नाही. काहीच आवाज नाही, म्हणजे हुकूमच निघत नाही. कानानं भागलं नाही की शेवटी दिवा. एक लहान बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा बॅटरीच्या वजा टोकाला लावायचा आणि सुई जिथं संशय असेल तिथं टोचायची. बल्ब लागला, करंट आहे. नाही लागला, नाही.

"माणसांना असा दिवा लावता आला असता ना," भाऊजी म्हणतात, "तर निम्मी लग्नं झाली नसती."

त्या शनिवारी त्यांच्या दिव्यानं त्यांनाच फसवलं.

वहिनींचं वय चौपन्न. वाचनालयाची एक फिरती गाडी आहे. आत दोन बाजूंना फळ्या, फळ्यांवर पुस्तकं. आठवड्यातून पाच दिवस ती लांबच्या वस्त्यांवर जायची. तिचा चालक निवृत्त झाला आणि चार महिने गाडी आवारात उभी राहिली. मग कार्यवाहांनी कर्मचाऱ्यांना विचारलं, कुणाकडे लायसन्स आहे का? कुणाकडेच नव्हतं. वहिनींनी हात वर केला.

"आहे लायसन्स?" कार्यवाह म्हणाले.

"नाही. पण काढते."

कार्यवाहांनी मुदत दिली. शनिवार, दुपारी एकपर्यंत. तोवर लायसन्सची परीक्षा पास झाल्याचा कागद आला तर गाडीची किल्ली वहिनींची. नाही आला तर गाडी सोमवारी दुसऱ्या शाखेला जाणार, तिथं चालक तयार बसलेला आहे.

वहिनी तोवर तीनदा नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा हँडब्रेक न सोडता पूर्ण मैदान फिरल्या; परीक्षकांना आधी वास आला, मग धूर दिसला. दुसऱ्यांदा रिव्हर्स घेताना खांब पाडला. तिसऱ्यांदा तोच खांब पाडला, पण आधी उतरून तो दोन फूट लांब सरकवून आल्या होत्या. चौथी परीक्षा त्या शनिवारी बारा वाजता होती.

शिकवायचं काम भाऊजींचं. वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, ज्यांना भाऊजी दादा म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं होतं. ते वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. चहात साखर कमी पडली, क्रिकेटमध्ये विकेट गेली, बायको गाडी शिकायला निघाली, काहीही झालं तरी ते म्हणतात, "याला काही अर्थ आहे का?" गाडीच्या बाबतीत त्यांनी हे इतक्यांदा म्हटलं की वहिनींनी एकदा जेवायच्या टेबलावर जाडजूड शब्दकोश आणून त्यांच्यासमोर आपटला. "बघा यात. अ पासून सुरू करा."

आठ दिवसांपूर्वी सराव करताना वहिनींनी घराच्या फाटकाला धडक दिली. फाटकाचं काही झालं नाही. घरच्या मोटारीचं बॉनेट, एक बाजू आणि पुढच्या काचेखालचा पत्रा असं सगळं पेंटरकडे गेलं. पेंटरचं दुकान भाऊजींना लागून. माणूस कलाकार, म्हणजे काम उत्तम आणि वेळेवर नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं गाडी दिली. रंग असा जमला होता की दादांनी त्यात बघून केस विंचरले.

शनिवारी सकाळी नऊ वाजता वहिनी, शेजारी दाराचा दांडा घट्ट धरून बसलेले दादा, असे दोघं गल्लीत दाखल झाले. परीक्षेआधी भाऊजींनी एकदा गाडी नजरेखालून घालायची असं ठरलं होतं. वहिनींनी परीक्षकांची यादी कागदावर उतरवून आणली होती. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, हॉर्न, वायपर. यातलं एक जरी बंद असलं तर परीक्षक गाडीत बसतच नाहीत, पुढच्याला बोलावतात.

हेडलाइट लागले. इंडिकेटर लागले. ब्रेकचा दिवा लागला. हॉर्न वाजला तेव्हा सायकलवाला दचकला.

"वायपर मारा," भाऊजी समोरून म्हणाले.

"कुणाला?" वहिनी आतून म्हणाल्या. त्या अगदी मजेत होत्या.

"बटण, वहिनी, बटण!"

वहिनींनी बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. दोन्ही वायपर काचेवर निवांत पडून राहिले.

"आज कशाला पाहिजेत ते?" बाकावरून दादा म्हणाले. "बाहेर ऊन आहे कडक."

"परीक्षकांना हवेत," वहिनी म्हणाल्या.

"ऊन पुसायला? याला काही अर्थ..."

"अहो!"

दादांनी पेपर उघडला.

सव्वानऊला भाऊजींनी फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार अखंड होती. मग हात वर केला. पेंटर थांबला, सायकलवाला थांबला. वहिनींनी बटण मधल्या खुणेवर ठेवलं. भाऊजी काचेला कान लावून वाकले. टिक. थोड्या वेळानं परत टिक. मोटर मात्र गप्प. भाऊजींनी मान डोलावली. हुकूम पोचतोय.

मग दिवा निघाला. मोटरचा प्लग सोडवला, चिमटा नेहमीप्रमाणे बॅटरीला लावला, सुई प्लगात टोचली. बल्ब लख्ख पेटला.

"करंट आहे," भाऊजी म्हणाले. "म्हणजे मोटर गेली."

वायपरची मोटर काढणं हे ऐकायला वाटतं तेवढं सोपं काम नाही. आधी दोन्ही वायपरचे हात नट सोडून काढायचे, मग काचेखालचं प्लॅस्टिकचं झाकण, मग मोटरचे तीन बोल्ट. त्यातला तिसरा अशा जागी असतो की तो बसवणाऱ्याचा हात मनगटाच्या पुढे परत वळत असावा. पावणेअकराला मोटर टेबलावर आली. भाऊजींनी तिला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या.

मोटर गरगर फिरली.

"ही तर ठणठणीत आहे," पेंटर म्हणाला. तो काम सोडून केव्हाच येऊन उभा होता.

"दिसतंय मला."

"मग गेली कशी म्हणालात?"

"तुझा पत्रा थंड होतोय, जा."

मोटर परत गाडीत बसली. वायपरचे हात लागले, नट आवळले. बटण दाबलं. टिक. बस्स, टिक.

"माहेरी नाचते आणि सासरी तोंड उघडत नाही," पेंटर म्हणाला.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मैदान दहा मिनिटांवर, पण तिथं अर्धा तास आधी नाव नोंदवावं लागतं. वहिनी इतका वेळ गाडीभोवती फेऱ्या मारत होत्या. त्यांनी कार्यवाहांना एक फोन केला, मग हात धुवायला पेंटरच्या दुकानामागच्या नळावर गेल्या. तेवढ्यात भाऊजी टेबलाला टेकून उभे राहिले आणि त्यांनी जे केलं ते त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी सव्वानऊलाच करायला हवं होतं. त्यांनी विचार केला.

करंट येतोय. मग तो परत कसा जातो? मोटारीत करंट वायरीनं येतो आणि परत जातो तो गाडीच्याच पत्र्यातून. त्यासाठी मोटरची एक काळी वायर पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते. या परतीच्या वाटेला बाकीचे इलेक्ट्रिशियन अर्थिंग म्हणतात. भाऊजी तीस वर्षं नुसतं "अर्थ" म्हणतात. आणि सकाळपासून ते दिव्याचा चिमटा सवयीनं थेट बॅटरीला लावत होते. दिव्याला परतीची वाट बॅटरीतूनच मिळत होती, म्हणून तो लागत होता. मोटरला ती मिळत होती की नाही हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

भाऊजींनी चिमटा बॅटरीवरून काढला आणि त्या काळ्या वायरीला लावला. सुई होती तिथंच टोचली.

बल्ब लागला नाही.

भाऊजींनी बॉनेटवर थाप मारली आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आनंदानं ओरडले, "अरे, ह्यात अर्थच नाहीये! सकाळपासून उगाच वेळ घालवतोय मी! पहिल्यांदाच ओळखायला हवं होतं, काही अर्थच नाही ह्यात!"

वहिनी ओले हात झटकत त्याच क्षणी पेंटरच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून वळल्या होत्या.

त्यांनी ते ऐकलं. दोन पावलं मागे गेल्या, पेंटरच्या मागच्या बोळातून बाहेर पडल्या आणि बस थांब्याच्या दिशेनं चालायला लागल्या.

भाऊजींना हे समजायला दोन मिनिटं लागली, तेही दादांमुळे. दादांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "ही कुठं निघाली?"

गल्लीच्या टोकाला वहिनींची पाठमोरी आकृती दिसत होती. पर्स काखेत, चाल जोरात. भाऊजी हातात ती काळी वायर, म्हणजे तिच्यासारखीच दुसरी एक काळी वायर, धरून पळत सुटले.

"वहिनी! अहो वहिनी, थांबा!"

"मला काही ऐकायचं नाही."

"अहो, सापडलं!"

"ऐकलं मी. अर्थ नाही म्हणालात."

"नाहीच आहे!"

वहिनी गर्रकन वळल्या. "परत? तोंडावर सांगता?"

"आता नाहीये तर नाही म्हणणारच ना! डोळ्यांनी बघितलं मी."

"ह्यांनी म्हटलं असतं तर मी समजू शकले असते. ते साखरेलाही तसंच म्हणतात. पण तुम्ही, भाऊजी?"

"दादाला काय कळतंय त्यातलं! त्यानं जन्मात कधी अर्थ लावलाय का?"

"आणि तुम्हाला कळतं?"

"तीस वर्षं तेच तर करतोय! लोक वरवर सगळं बघतात हो, अर्थ कुणी बघत नाही. मीसुद्धा चुकलो आज."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तसाच होता. "मग आधीच सांगायचं. तीन महिने रोज सकाळी शिकवत बसलात. कधीपासून वाटतंय तुम्हाला हे?"

"काल संध्याकाळपासून असणार. पेंटरनं रंग दिला ना, तेव्हापासून."

"रंग?"

"तीन हात. त्याच्याखाली गेला अर्थ."

वहिनी थांबल्या. बस थांब्यावर उभी असलेली दोन माणसं आता उघड उघड ऐकत होती.

"भाऊजी," वहिनी सावकाश म्हणाल्या, "तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

"वायपरबद्दल! तुम्ही कशाबद्दल?"

भाऊजींनी हातातली वायर वर धरली. वहिनींनी वायरीकडे बघितलं, भाऊजींच्या ग्रीसनं माखलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"अर्थिंग?"

"तेच की. अर्थ."

"अर्थिंग म्हणायला काय होतं तुम्हाला? ते 'इंग' कापून कुणाला दिलंत?"

"वेळ वाचतो."

"वाचला ना? केवढा वाचला!"

आणि वहिनी बस थांब्याच्या बाकावर बसून हसायला लागल्या. त्यांचं हसणं थांबेना. भाऊजीही हसायला लागले. बसची वाट बघणाऱ्या दोघांपैकी एकाला काहीच कळलं नव्हतं, पण तोही हसला. दुसऱ्यानं विचारलं, "मग आता त्या वायपरला अर्थ आहे का?"

"देतो ना!" भाऊजी म्हणाले. "पाच मिनिटांत देतो!"

दोघं पळत परत आले. चौपन्न आणि बावन्न वयाची दोन माणसं पूर्ण गल्ली पळताना बघून चष्मेवाले आजोबा दुकानाबाहेर आले आणि म्हणाले, "आग कुठं लागली?"

भाऊजींनी काळी वायर पत्र्यावरून सोडवली. बोल्टाखालचा पत्रा चकचकीत होता. पेंटरनं रंगवताना वायर काढली होती, खालचा पत्रा घासून त्यावर तीन हात दिले होते, आणि वाळल्यावर बोल्ट पुन्हा अगदी निगुतीनं आवळला होता. वायरीचं टोक आणि लोखंड यांच्या मधे केसाएवढी फट नव्हती. फक्त रंग होता.

"किती सुंदर काम केलंस रे," भाऊजी पेंटरला म्हणाले. "करंटसुद्धा आत शिरेना."

"माझ्या रंगातून पाणी जात नाही, करंट काय जातोय!" पेंटरनं ते कौतुक म्हणूनच घेतलं. मग भाऊजींच्या हातातला पॉलिश पेपर त्याला दिसला. "अहो, काय करताय?"

"खरवडतोय."

"तीन हात आहेत ते!"

"एवढाच भाग. रुपयाएवढा. वरून कोण बघणार?"

"वरून कोण बघणार म्हणता? मला माहीत असणार ना तिथं खाली काय आहे ते!"

पेंटर ते बघायला कळवळून काचेखालच्या पत्र्यावर वाकला. भाऊजींनी लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, वायरीचं टोक घासलं, ते बसवलं आणि बोल्ट आवळला. इथं दोन गोष्टी घडल्या होत्या ज्यांचा त्या घाईत कुणालाच विचार सुचला नाही. एक, सकाळपासून सगळ्यांनी दाबून दाबून बटण शेवटच्या, सर्वांत वेगाच्या खुणेवर राहिलं होतं. दोन, टेबलावर फिरलेली मोटर मनाला येईल तिथं थांबली होती आणि भाऊजींनी वायपरचे हात मात्र ती आपल्या नेहमीच्या जागी आहे असं धरून बसवले होते.

बोल्टचा शेवटचा अर्धा फेरा बसला आणि वायपर उसळले. पण ते काचेवर फिरायच्या ऐवजी उलटे खाली आले. पेंटरच्या उजव्या गालावर एक, डाव्या कानावर एक, आणि त्याला "अहो" म्हणायला वेळ मिळायच्या आत दोन्ही परत एकेकदा.

"चालले!" वहिनी ओरडल्या.

"थांबवा!" पेंटर ओरडला.

दादा बाकावरून उठून उभे राहिले. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "आता याला अर्थ आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी असं, सरळ, आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असावं. वहिनींनी ते ऐकलं की नाही ते सांगता येत नाही. त्या हसत हसत गाडीत चढून बटण बंद करत होत्या.

बटण बंद झाल्यावर मोटर तिच्या ठरलेल्या जागी येऊन थांबली. भाऊजींनी वायपरचे हात परत काढले, काचेच्या तळाशी आडवे धरून बसवले, नट आवळले. बटण चालू. वायपर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कोरड्या काचेवर करकर वाजत नीट फिरले. अकरा वाजून वीस मिनिटं.

दादांना गल्लीतच सोडून दोघं निघाले. मैदानावर नाव नोंदवलं तेव्हा साडेअकराला एक मिनिट कमी होतं. नोंद करणारा कारकून म्हणाला, "परत तुम्ही?" वहिनी म्हणाल्या, "परत मी."

परीक्षक पंचेचाळिशीचे, मितभाषी गृहस्थ. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला क्लिप, खिशात दोन पेनं. वहिनींना बघून त्यांनी सीटबेल्ट नेहमीपेक्षा जरा घट्ट ओढला, असं दोरीमागे उभ्या असलेल्या भाऊजींचं म्हणणं.

"हेडलाइट. हॉर्न. वायपर."

वायपर फिरले.

"बास. बंद करा." परीक्षकांनी खूण केली. "काच कोरडी आहे, रबर खराब होईल."

"नाही, चालू देत थोडा वेळ," वहिनी म्हणाल्या. "बघायला बरं वाटतंय."

परीक्षकांनी पुठ्ठ्यावरून नजर उचलली. वहिनींनी बटण बंद केलं.

हँडब्रेक सुटला. गाडी निघाली. चढावर थांबली आणि मागे न घसरता परत निघाली. वळणावर इंडिकेटर लागला, वळण संपल्यावर बंदही झाला. भाऊजी दोरी हातात धरून प्रत्येक गिअरबरोबर मान हलवत होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी जरा लांब सरकून घेतलं. मग रिव्हर्स आला. मागचे तीन खांब. गाडी मागे यायला लागली. सावकाश, मग आणखी सावकाश, मग इतकी सावकाश की परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मधल्या खांबापाशी ती जवळजवळ थांबली, तिरकी झाली, सरळ झाली आणि दोन खांबांच्या मधे येऊन उभी राहिली. खांब हलला नाही.

परीक्षक उतरले. लिहीत राहिले. "पुढची गाडी," असं म्हणून वळले.

"अहो साहेब," वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "माझं काय?"

"काय काय? पास आहात." त्यांनी कागद फाडून खिडकीतून दिला. "गाडी बाजूला घ्या, मागे रांग आहे."

वहिनींनी कागद वाचला. उलटून मागची बाजू वाचली, तिथं काही नव्हतं. घड्याळात बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बाजूनं फाटकाकडे घेतली, फाटकातून रस्त्यावर घेतली आणि निघून गेल्या.

भाऊजी दोरी ओलांडून, दोन्ही हात हवेत घेऊन धावत आले तेव्हा तिथं गाडी नव्हती. त्यांचा फोन गाडीत होता. हत्यारांची पिशवी गाडीत होती. चपलांपैकी एक, जी त्यांनी क्लच शिकवताना काढायची सवय लावून घेतली होती आणि त्या दिवशीही नकळत काढली होती, तीसुद्धा गाडीत होती.

"मघाची गाडी तुमची होती का?" फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं.

"वहिनींची."

"तुम्हाला इथंच टाकून गेल्या? भांडण झालं?"

"नाही, नाही. पास झाल्या!"

एका चपलेवर माणूस फार वेगानं चालू शकत नाही. भाऊजींनी तीही काढून हातात घेतली आणि सावलीच्या कडेनं चालायला लागले. त्यांना राग आला नव्हता. मधूनच थांबून ते एकटे हसत होते असं एका फळवाल्यानं नंतर सांगितलं.

वाचनालयाच्या वहीत नोंद आहे: शनिवार, बारा वाजून एकोणचाळीस मिनिटं, कागद मिळाला, किल्ली दिली. खाली कार्यवाहांची सही, त्याखाली वहिनींची. वहिनींच्या सहीचं शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलेलं आहे.

एक वाजून पाच मिनिटांनी भाऊजी मोठ्या रस्त्याच्या चौकात होते तेव्हा समोरून वाचनालयाची फिरती गाडी आली. सात महिन्यांची धूळ, बाजूला उडालेली अक्षरं, आणि उंच सीटवर वहिनी. त्यांनी भाऊजींना बघितलं, हॉर्न वाजवला, हात हलवला आणि सरळ पुढे निघून गेल्या. मग ब्रेकचे दिवे लागले, गेले, परत लागले. चौकात वळायला मनाई होती. गाडी पुढच्या चौकातून वळून आली, पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं, परत हॉर्न, परत हात. तिसऱ्या वेळी ती भाऊजींच्या पुढ्यात, फुटपाथपासून एक वीत अंतर राखून, अचूक थांबली.

"विसरलेच हो मी तुम्हाला!" वहिनी म्हणाल्या. "बसा. नाही, पुढे नको, पुढच्या सीटवर पुस्तकं आहेत. मागे बसा."

भाऊजी मागून चढले आणि दोन फळ्यांच्या मधे खाली बसले. गाडी सुटली. पहिल्याच वळणावर वरच्या फळीतून बालविभागातली सहा-सात पुस्तकं त्यांच्या डोक्यावर आली.

"वहिनी! हळू!" भाऊजी ओरडले.

"भाऊजी," पुढून आवाज आला, "वाचनालयात ओरडायचं नसतं."